बाक्वेरी मल्लांना आपल्या मातीत बोलवा : मैदान समित्यांना आणि वस्तादांना खुले पत्र

प्रति,
यात्रा-जत्रांत कुस्तीची मैदाने भरवणाऱ्या समित्या, गावोगावच्या तालमींचे वस्ताद आणि माईकवरून मैदान हाकणारे निवेदक

रामराम मंडळी,

दिवाळी उलटली की तुमच्या बैठका सुरू होतील. कुठल्या गावची यात्रा कोणत्या तारखेला, पहिल्या क्रमांकाची कुस्ती कोणात लावायची, इनाम किती, हलगीवाले कुठले सांगायचे, हे सगळं ठरेल. त्या बैठकीत माझं हे पत्र कुणीतरी वाचून दाखवावं, एवढ्यासाठी लिहितो आहे. मागणी एकच आहे. येत्या एखाद्या हंगामात, आफ्रिकेतल्या कॅमेरून देशातल्या बाक्वेरी लोकांच्या गावांतले मल्ल आपल्या लाल मातीत बोलवा. त्यांच्या गावाच्या नावाने बोलवा. आणि त्या दिवशीच्या निम्म्या कुस्त्या त्यांच्या रीतीने होऊ द्या.

परदेशी मल्ल तुम्हाला नवे नाहीत. मोठ्या मैदानांच्या पोस्टरवर इराणचा, जॉर्जियाचा पैलवान आता अनेकदा दिसतो आणि लोक त्याला बघायला लांबून येतात. मीही येतो. त्यात वाईट काहीच नाही. पण या पाहुण्यांना आपण निवडतो ते मॅटवरच्या पदकांवरून. ज्यांच्याकडे मॅट नाही, पदकांची यादी नाही, पण गावागावात कुस्ती पिढ्यानपिढ्या चालत आली आहे, अशांची आठवण आपल्याला होत नाही. खरं तर आपले सगळ्यांत जवळचे तेच.

कॅमेरून म्हटलं की आपल्याकडे १९९० चा फुटबॉल विश्वचषक आठवतो. पहिल्याच सामन्यात गतविजेत्या अर्जेंटिनाला १-० ने हरवणारा संघ, आणि गोल केल्यावर कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी नाचणारा रॉजर मिला. कुस्ती बघणाऱ्यांना आणखी एक गोष्ट आठवेल. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साक्षी मलिकने सुवर्ण जिंकलं, त्या वेळी उपांत्य फेरीत तिच्यासमोर कॅमेरूनचीच एतान न्गोले होती. साक्षीने ती लढत १०-० अशी घेतली. आपण टाळ्या वाजवल्या आणि पुढे गेलो. समोरची मुलगी ज्या देशातून आली तिथे कुस्तीचं काय आहे, हा प्रश्न एकाही मराठी समालोचनात मी ऐकला नाही.

तिथे जे आहे ते थोडक्यात सांगतो, कारण माझी मागणी त्यावरच उभी आहे.

कॅमेरूनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, समुद्राला अगदी लागून, माउंट कॅमेरून हा जागा ज्वालामुखी आहे. चार हजार मीटरहून उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीपेक्षाही जास्त. १९९९ आणि २००० साली तो पेटला होता. त्याच्या उतारावर आणि पायथ्याशी बाक्वेरींची गावं आहेत. बुएआ हे त्यांचं मुख्य शहर, खाली किनाऱ्यावर लिंबे. बोक्वांगो, बोव्हा, सोप्पो, मुएआ, लिसोका, बोन्जोंगो अशी गावांची नावं. मोक्प्वे ही त्यांची भाषा, बांटू कुळातली. लाव्हाची काळी माती इतकी कसदार की तिच्यासाठीच पुढे रामायण घडलं, ते सांगतोच. पाऊसही तसाच. डोंगराच्या समुद्राकडच्या पायथ्याशी असलेल्या देबुन्द्शा गावात वर्षाला सुमारे १०,००० मिलिमीटर पाऊस पडतो, जगातल्या सर्वांत ओल्या जागांपैकी ती एक. डिसेंबरच्या आसपास कोरडे महिने येतात तेव्हा कुठे माणसं उघड्यावर निवांत जमू शकतात. आपल्याकडेही सुगी आवरल्यावरच यात्रा आणि मैदानं येतात, तेव्हा हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

कुस्तीला ते वेसुआ म्हणतात. खाली दुआला बंदराकडचे त्यांचे भाऊबंद बेसुआ म्हणतात. लढत गावाविरुद्ध गाव अशी. एका गावाचे मल्ल आणि त्यांच्यामागे अख्खं गाव, समोर दुसरं गाव. ढोल, गाणी, ताडी. जोड समोरासमोर आली की झोंबाझोंबी, आणि ज्याची पाठ जमिनीला लागली तो हरला. गुणफलक नाही. आपल्या मातीतल्या चितपट कुस्तीत आणि यात फरक किती राहिला? ज्याने आयुष्यभर खासबाग किंवा एखाद्या खेड्यातलं जत्रेचं मैदान पाहिलं आहे, त्याला ही लढत कुणी समजावून सांगावी लागणार नाही. निकाल पाठीवर लागतो, आणि तो शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही दिसतो.

बाक्वेरी, दुआला आणि किनाऱ्यावरचे इतर समाज मिळून स्वतःला सावा म्हणवतात. या सगळ्यांचा मोठा उत्सव म्हणजे न्गोन्डो. डिसेंबरच्या सुरुवातीला दुआलात वूरी नदीच्या काठी तो भरतो. पाण्यातल्या पूर्वजांना कौल लावायचा, पाणबुड्याने पवित्र भांडं घेऊन नदीत उतरायचं, वर आणलेला निरोप जाणत्यांनी वाचायचा, हा त्याचा गाभा. त्याच्याभोवती होड्यांच्या शर्यती होतात आणि कुस्त्या होतात. सरकारने १९८१ मध्ये हा उत्सव बंद पाडला होता, १९९१ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत न्गोन्डोची नोंद केली. म्हणजे दहा वर्षं बंदी सोसलेल्या उत्सवातून त्यांची कुस्ती जगाच्या वारशात गेली. तुर्कस्तानची तेलातली कुस्ती आणि इराणच्या जोरखान्याची विद्या २०१० मध्येच तिथे गेली, दोन्ही कोरियांनी २०१८ मध्ये आपली सिरुम एकत्र नोंदवली. आपली माती अजून त्या यादीत नाही. हा विषय मोठा आहे, त्यासाठी वेगळं पत्र लिहावं लागेल.

आता जमिनीबद्दल. हे नीट वाचा, कारण ज्याला आपण बोलावणार आहोत तो कुठून येतो हे मैदानातल्या माणसाला ठाऊक असलं पाहिजे.

१८९१ च्या नोव्हेंबरात जर्मन फौज बुएआवर चालून गेली. बाक्वेरींचा प्रमुख होता कुव्हा लिकेन्ये. त्याच्या लोकांनी जर्मनांना डोंगरावरून परतवलं, त्यांचा सेनानी ग्राफनरॉइथ त्या लढाईत मारला गेला. युरोपच्या फौजेला असं माघारी लावणं त्या काळात किती जणांना जमलं होतं? तीन वर्षं बुएआ मोकळं राहिलं. १८९४ च्या डिसेंबरात जर्मन जास्त तयारीने परत आले. कुव्हाला परागंदा व्हावं लागलं आणि तो परक्या गावात मेला. त्यानंतर ती कसदार काळी जमीन जर्मन मळेवाल्यांनी घेतली. गावं उठवली, हलवली, एकमेकांत कोंबली, आणि माणसांना राखीव पट्ट्यांत बसवलं. १९०१ मध्ये बुएआ तर जर्मन वसाहतीची राजधानीच झाली. पहिल्या महायुद्धात जर्मन गेले, इंग्रज आले, पण जमीन मूळ मालकांकडे आली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या मळ्यांचं एक सरकारी महामंडळ झालं आणि १९४७ पासून त्याला साठ वर्षांचा भाडेपट्टा मिळाला. केळी, रबर, पाम तेल, चहा. मजूर देशभरातून आले. बाक्वेरी आपल्याच डोंगरावर थोडे उरले.

ते गप्प बसले नाहीत. १९४६ मध्ये त्यांनी जमीन समिती काढली आणि थेट संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केले. १९९४ मध्ये सरकारने मळे खाजगी हातात द्यायचं ठरवलं, तेव्हा बुएआत पुन्हा माणसं जमली. २००२ मध्ये ते आफ्रिकेच्या मानवी हक्क आयोगाकडे गेले. आयोगाने आधी देशातल्या न्यायालयांत जा असं सांगून तक्रार दाखल करून घेतली नाही. लढा संपलेला नाही.

कोयना धरणाखाली गेलेल्या गावांतून उठलेले वस्ताद आपल्याकडे आहेत. गाव हललं की तालीम कशी हलते, हे त्यांना विचारा. कुस्तीला मैदान लागतं, आणि मैदानाला गाव लागतं. समोर दुसरं गाव असेल तरच जोड लागते. ज्यांची गावंच पट्ट्यांत कोंबली गेली, त्यांनी गावाविरुद्ध गाव ही लढतीची रीत टिकवली. माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे. जमिनीच्या कागदावर नाव राहिलं नाही, तरी मल्लाच्या पाठीशी गावाचं नाव राहिलं. म्हणून मी पुन्हा पुन्हा म्हणतो, की पोस्टरवर नुसतं ‘आफ्रिकन पैलवान’ छापू नका. गाव छापा. बोक्वांगोचा अमुक, लिसोकाचा तमुक. आपण कधी ‘आशियाई पैलवान’ असं छापतो का? आपण छापतो गोळेश्वर, रेठरे, कवठेपिरान. तोच मान पाहुण्यालाही.

निवेदक मंडळींशी इथे थोडं स्पष्ट बोलतो. तुमचा आवाज म्हणजे मैदानाचा प्राण. पण एका जत्रेच्या मैदानात आफ्रिकेतून आलेला एक मल्ल हौद्यात उतरला तेव्हा माईकवरून त्याच्या रंगावर जे बोललं गेलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. लोक हसले. त्या पोराला मराठी येत नव्हतं, पण हसणं कुणालाही कळतं. त्याने आपल्यासारखीच माती कपाळाला लावली, समोरच्याच्या हातात हात दिला आणि लढला. तो जिंकला की हरला हे इथे महत्त्वाचं नाही. त्याच्या गावात त्याच्या नावाने ढोल वाजत असेल. आपल्याकडे त्याचा तमाशा केला गेला. असं पुन्हा होता कामा नये, आणि ते थांबवणं पंचांच्या आणि समितीच्या हातात आहे. निवेदकाला आधीच बजावा, ऐकलं नाही तर माईक काढून घ्या.

नियमांचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, त्यावर वस्तादांनीच विचार करावा. आपल्या मातीतून खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तोवरचा त्यांचा सारा सराव मातीतला. तिथे मॅट, तिथले नियम, गुणांची मोजणी, सगळं परकं. तरी ते सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. हा इतिहास आपण दरवर्षी सांगतो आणि सांगायलाच हवा. पण त्याचा पहिला भाग आपण विसरतो. चांगला मल्ल दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या नियमांनी जोखला गेला, की त्याची ताकद अर्धीच दिसते. खाशाबांना ते १९४८ मध्ये सोसावं लागलं. मग आपण घरी बोलावलेल्या मल्लाला तेच का सोसायला लावावं?

म्हणून निम्म्या कुस्त्या त्यांच्या रीतीने. पंच त्यांचा एक, आपला एक. ढोल त्यांचा वाजू द्या, मग हलगी आणि घुमकं वाजू द्या. हलगीवाल्यांना त्यांच्या ढोलवाल्यांशेजारी बसवा, मागे कोपऱ्यात नको. वाद्य वाजवणाऱ्याशिवाय मैदान चढत नाही हे सगळे कबूल करतात, पण इनामाची वाटणी आणि सत्काराचे फेटे आले की तो विसरला जातो. पाहुण्यांच्या निमित्ताने ही चूकही सुधारता येईल.

डावांचं म्हणाल तर आपल्या पोरांना यातून शिकायला मिळेल. जिथे पाठ लागली की संपलं, तिथे उभ्याने तोल राखणं आणि समोरच्याचा तोल मोडणं यावर सगळा भर येतो. मॅटवर आपली पोरं गुण घ्यायला शिकली आहेत, आणि ते गरजेचंच आहे, त्याशिवाय पदक नाही. पण ढाक, कलाजंग, एकलंगी यांची सफाई कमी होत चालल्याची तक्रार वस्तादच करतात. चितपटाशिवाय दुसरा निकालच नसलेल्या मल्लांशी चार कुस्त्या झाल्या तर ती सफाई परत येऊ शकते. शाहू महाराजांनी पंजाबच्या मल्लांना कोल्हापुरात आसरा दिला आणि १९१२ मध्ये खासबाग उभं केलं. बाहेरचा मल्ल आला म्हणून कोल्हापूरची कुस्ती लहान झाली नाही, तिथूनच ती मोठी झाली.

काहीजण म्हणतील, तिकडे अशांतता आहे. हो, आहे. कॅमेरूनचा हा इंग्रजी बोलणारा भाग २०१६ च्या अखेरीपासून धुमसतो आहे. वकील आणि शिक्षक रस्त्यावर उतरले, त्यातून पुढे सशस्त्र संघर्ष झाला. २०१७ मध्ये तिथे तीन महिने इंटरनेट बंद होतं. दर सोमवारी बंद पाळायची सक्ती त्याच वर्षापासून सुरू झाली. मळ्यांवर हल्ले झाले, मजुरांचे हाल झाले. अशा वेळी गावाने गावासमोर येऊन कुस्ती लावणं किती अवघड होत असेल याचा विचार करा. माझ्या मते हेच बोलावण्याचं कारण आहे. तिथल्या पोरांना बाहेर जाऊन, मानाने, आपल्या गावाच्या नावाने लढायला मिळालं तर त्यांच्या वस्तादांनाही बळ मिळेल. त्याच बुएआत दर फेब्रुवारीला डोंगर चढून उतरण्याची शर्यत होते, १९७३ पासून. सारा एटोंगे नावाच्या बाईने ती सात वेळा जिंकली आणि डोंगराची राणी म्हणून देशभर नाव कमावलं. त्या शर्यतीला परदेशातून धावपटू येतात. कुस्तीसाठीही कुणीतरी परदेशातून बोलावणं धाडलं पाहिजे. ते बोलावणं महाराष्ट्रातून जावं असं मला मनापासून वाटतं.

खर्चाचा प्रश्न खोटा नाही. चार मल्ल, एक जाणता आणि एक ढोलवाला, एवढ्यांचं विमानभाडं म्हणजे लहान गावाला झेपणारी गोष्ट नाही. पण पहिल्या क्रमांकाच्या एका कुस्तीला काही मैदानांत जेवढं इनाम लागतं, तेवढ्यात हे बसू शकतं. तीन-चार यात्रा समित्यांनी मिळून वर्गणी केली आणि पाहुण्यांना एकाच दौऱ्यात तीन-चार मैदानांत फिरवलं तर भार वाटला जाईल. राहायला हॉटेल नको, तालमीत ठेवा. आपली पोरं जिथे झोपतात, जिथे जोर-बैठका मारतात, जिथे थंडाई घोटतात, तिथेच. खुराकाचं मात्र आधी विचारून घ्या, त्यांच्या जेवणात ताजं कंदमूळ आणि मासे असतात. नुसतं दूध-बदाम समोर ठेवून पाहुणचार झाला असं समजू नका.

पत्रव्यवहाराची अडचण नाही, कारण बुएआचा कारभार इंग्रजीत चालतो. १९९३ पासून तिथे विद्यापीठ आहे. आपल्या विद्यापीठांतल्या क्रीडा विभागाने किंवा समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्यांना एक पत्र लिहिलं, तर गावप्रमुखांपर्यंत पोचायला मदत होईल. बोलावणं गावप्रमुखांनाच जायला हवं. मधल्या एखाद्या दलालाने पोरं गोळा करून आणली तर सगळ्यावर पाणी पडेल. दलालाने परदेशी मल्लाचे पैसे बुडवल्याच्या गोष्टी आपल्या वर्तुळात ऐकू येतात, तुम्हीही ऐकल्या असतील. इनाम मल्लाच्या हातात, मैदानातच, सगळ्यांसमोर द्या.

आणि येणंजाणं दोन्ही बाजूंनी असू द्या. ते आले की पुढच्या डिसेंबरात आपले दोन-तीन मल्ल तिकडे जाऊ देत. त्यांच्या मैदानात, त्यांच्या ढोलावर, त्यांच्या नियमांनी लढू देत. आपला पोरगा तिथे हरला तरी चालेल. खाशाबांना लंडनला जे परकं वाटलं ते त्यालाही एकदा वाटू दे. त्याच्यासोबत एक वस्ताद आणि नीट टिपणं काढणारा एक माणूस धाडा. कुठला डाव, कुणाचा, कुठल्या गावचा, निकाल कसा लागला, ढोल कोणत्या वेळी बदलला, हे लिहून आणा. तिथल्या म्हाताऱ्या मल्लांशी बोला, त्यांच्या परवानगीने त्यांचं बोलणं टेप करा. मराठीत कुस्तीवर भरपूर लिहिलं गेलं आहे. आफ्रिकेतल्या गावच्या कुस्तीवर मात्र मला जवळपास काहीच वाचायला मिळालं नाही, आणि कुस्तीवर जीव टाकणाऱ्या लोकांच्या भाषेत ही उणीव मला सलते.

कामाची सुरुवात करायची तर यंदाच्या बैठकीत एवढंच ठरवा : पत्र कोण लिहिणार, वर्गणीचा पहिला आकडा कोणती समिती टाकणार, आणि पाहुणे कोणत्या तालमीत उतरणार. येता हंगाम जवळ आहे, तो या पत्रव्यवहारात जाईल. पाहुणे त्याच्या पुढच्या हंगामात येतील असं धरून चला. व्हिसाची कागदपत्रं, विम्याचे पैसे, मुंबईहून न्यायला-आणायला गाडी, या कामांसाठी माणूस लागला तर मी आहे. मैदानात तिकीट काढून बसणारा माणूस आहे मी, वर्गणीत माझाही वाटा धरा.

आपला,
सांगली जिल्ह्यातला एक कुस्तीशौकीन